दोन दातांची खूण

"दत्तराव, माशाच्या पोटात काय सोनं शोधायलाव का?" बन्सीधर गुरुजींनी विचारलं.

दत्तरावांची दोन बोटं तेव्हा मरळीच्या पोटात होती. आतडं बाहेर काढून त्यांनी ते दगडावर पसरलं, अंगठ्यानं दाबत टोकापर्यंत नेलं आणि मग पाण्यात सोडून दिलं.

"सोनं घावलं असतं तर गिरणी कशाला चालविली असती, गुरुजी?" ते म्हणाले. सगळे हसले. दत्तरावही हसले आणि पुढचा मासा त्यांनी हातात घेतला.

पालमपासून सायकलीवर तासाभराच्या वाटेवर गोदावरीत म्हसोबाचा डोह आहे. तिथं दर रविवारी गळ टाकून बसणारी ही मंडळी स्वतःला शिकारी म्हणवून घेत. पालममध्ये सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे गफूरभाई त्यांचे म्होरके. बन्सीधर गुरुजी झेडपीच्या शाळेतले. घरी ते 'तालुक्याला मीटिंग आहे' असं सांगून निघायचे, आणि मीटिंगहून येताना पिशवीत मासे कसे येतात, हे त्यांच्या बायकोनं कधी विचारलं नाही. तिसरा सटवाजी, मेंढरं राखणाऱ्या घरातला. कळप भावावर सोपवून तो इथं दिवसभर बसे. "मेंढरू हाक मारली की येतं, त्याच्यात काय मजा?" असं त्याचं म्हणणं.

या मंडळींचे कायदे मोठे कडक होते. दुसऱ्याच्या बैठकीवर बसायचं नाही. निघायच्या आधी मासे मोजायचे नाहीत. आणि सुटून गेलेल्या माशाचं माप कमी करून सांगायचं नाही. हा शेवटचा कायदा सगळे अगदी मनापासून पाळत.

दत्तराव त्यांच्यात आले ते पिठाच्या वाटेनं. त्यांची पालमच्या बाजारात पिठाची गिरणी. दिवसभराचं दळण झालं की जात्याभोवती सांडलेलं पीठ ते झाडून ठेवत, आणि गफूरभाई शनिवारी येऊन ते घेऊन जात. त्यात गूळ नि चिमूटभर हिंग घालून मळलं की माशांच्या आमिषाच्या गोळ्या होत. असं कितीतरी महिने चाललं. एका शनिवारी पुडी हातात देता देता दत्तरावांनी विचारलं, "कोणत्या डोहावर जाता, भाई?"

"म्हसोबाच्या."

"मीबी यीन मनतो."

गफूरभाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. पण गळ्याभोवतीचा पट्टा त्याहून पांढरा, वर्षानुवर्षं ऊन न लागलेला. बापाच्या काळापासून माळकरी असलेला हा माणूस मासे मारायला येतो म्हणत होता.

"माळ कुठाय, दत्तराव?"

"खुंटीला लावली."

 रविवारी पहाटे गफूरभाई जादा काठी घेऊन दारात उभे राहिले.

दत्तरावांना गळ टाकणं काही फार जमलं नाही. ज्वारीच्या ताटाचं भेंड पाण्यावर डुलत राही, कधी बुडे, दोऱ्याला हिसका बसे, आणि त्या क्षणी दत्तरावांच्या मनात मासा नसे. पाण्याखालून कुणीतरी हात धरून ओढतंय असं त्यांना वाटे. ते काठी तशीच धरून ठेवत. मासा सुटून जाई. "ओढा की, दत्तराव," सटवाजी हळहळायचा. पण मासे साफ करायला मात्र ते सगळ्यांच्या पुढं. चौघांचे मासे एकटे साफ करत, कुणाला सुरीला हात लावू देत नसत. गावात कुजबुज झाली, माळकरी बाटला. दत्तरावांनी ती पिठासारखी झटकून टाकली.

गोष्ट अशी होती की त्यांचा एकुलता एक मुलगा चंद्रभान याच डोहात गेला होता. परभणीला कापडाच्या दुकानात तो कामाला होता. विद्यापीठाच्या नावावरून दंगल पेटली, दुकानं बंद, एसटी बंद. खेड्यापाड्यांतून घरं जळाल्याच्या बातम्या येत होत्या. माय काळजी करत असेल म्हणून पोरगा रेल्वेनं कसाबसा चुडाव्यापर्यंत आला आणि तिथून पायी निघाला. नदीला पाणी चढलेलं. नावाड्यानं नाव बांधून ठेवलेली. पलीकडच्या काठावर शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीनं त्याला पाण्यात शिरताना पाहिलं, बाहेर निघताना पाहिलं नाही. चपला काठावर सापडल्या. तो सापडला नाही.

"चपला कुणीबी काढून ठिवतं," भिवराबाई, त्याची माय, तेव्हा म्हणाली होती. "हाताला काही लागल्याबिगर मी त्याचं दिस-पानी करू देनार न्हाई."

दहावं नाही, तेरावं नाही. रोज संध्याकाळी ती तीन ताटं वाढायची. तिसरं ताट सकाळी गाईला. दाराला कडी घालू द्यायची नाही. पोरगं रात्रीबेरात्री आलं तर उघडणार कोण? उन्हाळा असो की थंडी, दार लोटलेलं. वाऱ्यानं करकरलं की ती उठून बसायची. अशी वर्षं गेली. तिच्या हाताची हाडं दिसू लागली. एकदा ती झोपेत इतक्या मायेनं 'आलास का' म्हणाली की दत्तरावांना आपल्याच घरात बसण्याची भीती वाटली.

हाताला काही लागलं असतं तर ते एकच. चंद्रभानच्या गळ्यात दर्ग्यावरून आणलेला चांदीचा ताईत होता. जगत नव्हती पोरं, म्हणून बांधलेला. दात येताना तो सारखा तोंडात घालायचा आणि त्या मऊ चांदीवर दोन इवल्या दातांची खूण उमटली होती. पोरगं निजलं की भिवराबाई त्या खुणेवरून अंगठा फिरवत बसायची.

वेड्याची आशा म्हणा. पण गाळात पडलेली चमकणारी वस्तू मासा गिळतो, हे दत्तरावांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि त्यावर त्यांनी माळ खुंटीला टांगली होती.

त्या रविवारी गुरुजींनी सोन्याची थट्टा केली खरी, पण परतताना गफूरभाई सायकल हातात धरून दत्तरावांबरोबर मागं राहिले.

"हसण्यावारी न्यू नका," ते म्हणाले. "खरंच काय शोधायलाव?"

 दत्तरावांनी चालता चालता सांगितलं. चपला सांगितल्या, तिसरं ताट सांगितलं, उघडं दार सांगितलं. ताईत सांगितला, चांदीचा, दर्ग्यावरचा, काळ्या दोऱ्यातला. दातांचं तेवढं सांगायचं राहिलं. ते सांगायला गेले असते तर रडू आलं असतं.

"वैनीला म्हाईत हाय, तुमी हितं कामून येता ते?"

"न्हाई. तिला वाटतंय, म्हातारपनी शौक लागला."

 गफूरभाईंनी सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली.

पुढं काही रविवार असेच गेले. मग एके दिवशी गफूरभाईंना मोठी मरळ लागली. एरवी सगळे मासे दोरीत ओवून पाण्यात ठेवायचे आणि दुपारनंतर दत्तरावांपुढं आणून टाकायचे. ती मरळ मात्र गफूरभाईंनी लगेच स्वतः दगडावर आणून ठेवली. ऊन मरणाचं, तरी गळ्याभोवती रुमाल गुंडाळलेला.

"ही आधी करा," ते म्हणाले आणि आपल्या बैठकीवर जाऊन पाठमोरे बसले.

दत्तरावांनी पोट चिरलं. नेहमीसारखी बोटं आत घातली. पोटात काही नव्हतं. पण घशापाशी काहीतरी कडक लागलं. त्यांनी ते ओढून काढलं. चांदीचा ताईत, काळ्या दोऱ्यातला.

  त्यांनी तो पाण्यात धुतला, धोतराला पुसला आणि अंगठा फिरवला. ताईत गुळगुळीत होता. दोराही इतकी वर्षं पाण्यात राहिलेला नव्हता, त्याला माणसाच्या घामाचा वास होता.

त्यांनी मान वर करून पाहिलं. तिघंही पाठ करून पाण्याकडं बघत बसले होते, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. कुणी हलत नव्हतं. गुरुजींचं भेंड केव्हाचं पाण्याखाली गेलं होतं, काठी वाकत होती, आणि गुरुजी ओढायचं विसरून गेले होते.

दत्तरावांना राग आला. मग तो गेला आणि नुसतं भरून आलं. ताईत त्यांनी कनवटीला लावला, मरळ साफ करून ठेवली आणि सायकलीवर बसले. वाटेत दोनदा थांबले. बायकोशी ते आजवर खोटं बोलले नव्हते. फेकून द्यावा म्हणून हात कनवटीला गेला, आणि लोटलेलं दार आठवून परत आला. आपण काही बोलायचं नाही, त्यांनी ठरवलं, नुसता तिच्या हातावर ठेवायचा. विचारलं तर खरं तेच सांगायचं.

भिवराबाई भाकरी थापत होती. त्यांनी ताईत तिच्या पिठाच्या हातावर ठेवला.

"कुठं घावला?" तिनं विचारलं.

"माशाच्या पोटात. म्हसोबाच्या डोहात."

तिनं अंगठा फिरवला. एकदा फिरवला, पालथा करून पुन्हा फिरवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली. दत्तराव खाली बघत राहिले. तो अंगठा काय शोधतो आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग भिवराबाईनं मान वर केली आणि नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या हातांना खवले चिकटलेले, नखात सुकलेलं रक्त, आणि गळा माळेविना उघडा.  हा माणूस रविवारी डोहावर कशाला जातो, हे तिला त्या घडीला कळलं असावं.

"त्याचाच हाय," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं दोनच ताटं वाढली. जेवणं झाल्यावर उठली, दारापाशी गेली आणि कडी लावली. गंजलेली कडी लवकर बसेना. दत्तराव उठले नाहीत. कडी बसल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला आणि ते रडले.

दिवस बघून डोहावर विधी ठरला. देह नव्हता, म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला. चारसहा भावकीतले आले. शिकारी मंडळी लांब बाभळीखाली उभी होती, त्या दिवशी काठ्या नव्हत्या. भिवराबाई काठ उतरायला लागली आणि ओल्या मातीवरून तिचा पाय सरकला. गफूरभाई धावत येऊन खाली वाकले, तिला हात दिला, आणि त्यांच्या गळ्यातला रुमाल सुटून खाली पडला.

रापलेल्या गळ्याभोवती एक बारीक पांढरी रेघ होती.

गफूरभाईंनी घाईनं रुमाल उचलला. पण भिवराबाईनं पाहायचं ते पाहिलं होतं. दत्तरावांनीही पाहिलं. ती पुतळ्यापाशी जाऊन बसली. तीळ वाहिले, पाणी सोडलं. भटजी म्हणाले, "बाई, तो ताईत बांधा आता पुतळ्याच्या गळ्यात."

भिवराबाईनं मूठ उघडली नाही.

"राहू द्या, महाराज," ती शांतपणे म्हणाली. "त्याचा त्याच्यापाशीच हाय."

भटजींना कळलं नाही. त्यांनी मंत्र पुढं चालवले. पुतळ्याला अग्नी दिला, राख पाण्यावर गेली, भावकी वर निघाली. तेव्हा भिवराबाई बाभळीखाली आली. गुरुजी नि सटवाजी उगाच पलीकडच्या काठाकडं बघायला लागले. तिनं ताईत गफूरभाईंच्या पुढं धरला.

"भाई, हे घाला," ती म्हणाली. "पान्याकाठी बसता तुमी. गळा मोकळा ठिवू नका."

गफूरभाईंना दोरा बांधता येईना. शेवटी दत्तरावांनी मागं जाऊन गाठ मारून दिली.

माळ पुन्हा दत्तरावांच्या गळ्यात आली नाही. पुढच्या रविवारी ते डोहावर होते. भेंड बुडालं, त्यांनी वेळेवर ओढलं, आणि हातभर लांबीची वांब काठावर येऊन तडफडली. सटवाजीनं आनंदानं मांडीवर थाप मारली. गुरुजी म्हणाले, आजपासून तुमी खरे शिकारी. गफूरभाई सुरीसाठी हात पुढं करून म्हणाले, "द्या, आज मी करतो साफ."

"असू द्या," दत्तराव म्हणाले. "सवय झाली."

त्यांनी पोट चिरलं. दोन बोटं आत गेली, हळूच फिरली, आणि रिकामी बाहेर आली.  दत्तरावांनी डोहात हात धुतले आणि दुसरा मासा घेतला.