समुद्राकडे पाठ

"ट्रक कुणाच्या बापाची वाट बघत नाही, चाचा. चला म्हटलं की चला," लियाकत म्हणाला आणि त्यानं चाचांचं बोचकं उचललं.

खैरुद्दीनचाचांनी दुसरं टोक सोडलं नाही. कोळणी टोपलीवरून झोंबतात तसे दोघं जरा वेळ ओढत राहिले. मग चाचांच्याच हातातलं बळ संपलं.

"तू जा," ते म्हणाले. "माझं काम झालं नाही अजून."

काम चादरीचं होतं. चाचांचा मुलगा हमीद गेल्या वर्षी अशाच लाँचमधून या अरबी किनाऱ्यावर उतरला होता. दुबईला पोचायच्या आधीच त्याला ताप भरला, आणि इथल्या बिदिया गावच्या लोकांनी त्याला या जुन्या मशिदीमागं दफन केलं. हव्वाबीचाचीनं हिरव्या कापडाला स्वतः किनार लावून कबरीवर घालायला चादर पाठवली होती. निघताना तिनं लियाकतला बाजूला घेतलं होतं. चाचा माझ्यापासून लपवतील, तू लपवू नको, परत येशील तेव्हा कबर कशी आहे ते जसंच्या तसं सांग, म्हणाली होती. तिला माहीत होतं, याची जीभ तोंडात राहत नाही. भर वर्गात मास्तरांची चूक काढली आणि माफी मागायला सांगितल्यावर पाटीच फेकून आला, ती शाळा कायमची सुटली.

पण मशिदीचा राखणदार म्हणाला, इथं कबरीवर कापड घालत नाहीत. तरुणपणी मुंबईला खजूर विकलेला म्हातारा, मोडकी हिंदी बोलायचा. लियाकत त्याच्यावर तावातावानं ओरडला. आमच्याकडं सगळे घालतात, तुम्हीच काय ते मोठे शहाणे? म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन त्याच्यासाठी पाणी आणलं. लियाकतनं भांडं रिकामं केलं आणि भांडण तिथंच सोडलं.

मशीद म्हणजे दगडमातीची. वर चार घुमट, एकासारखा दुसरा नाही, आणि आत सगळा भार एकाच खांबावर. तो खांब बघूनच लियाकतला दमल्यासारखं झालं. लाँचवर रात्र रात्र ओकून आतडी पिळवटली होती. उतरल्यावर फजरच्या, पहाटेच्या नमाजाला निम्मी माणसं पाण्याकडं तोंड करून उभी राहिली होती. गावी किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, समुद्राच्या बाजूला, ती सवय. अरबांची पोरं पोट धरून हसली. इथं समुद्र उगवतीला आणि काबा डोंगरापलीकडं.

तो बोचकं दुबईच्या ट्रकमध्ये टाकून परत आला. बाकीची माणसं वर चढून बसली होती. चाचा हमीदच्या कबरीपाशी उभे होते, हात बांधून, समुद्राकडं तोंड करून.

लियाकतचं डोकं फिरलं. "चाचा, तोंड उलटं केलंत. हे आपलं गाव नव्हे."

"ठाऊक आहे मला. नमाज नाही पढत."

चाचांनी मान वळवून सूर्य बघितला. तो अजून डोंगराच्या डोक्यावर होता. आयुष्यभर तांडेल म्हणून गलबतं हाकलेला माणूस, एवढ्यावरून त्यांना गावची वेळ कळायची.

"तिकडं बुडाला असेल आता. तुझी चाची मगरिबच्या नमाजाला उभी असेल. इकडं तोंड करून." मग त्यांनी हातानं कबर दाखवली. "आणि हा बघ, कसा निजलाय."

लियाकतनं बघितलं. कबरीत मय्यताचं तोंड किब्ल्याकडं ठेवतात, इथं म्हणजे डोंगराकडं. दुपारपासून त्यानं घुमटाच्या भेगासुद्धा बघितल्या होत्या, हे दिसलं नव्हतं.

"पाच वेळा ती याच्याकडं तोंड करते," चाचा म्हणाले. "आणि याची तिच्याकडं पाठ."

खाली ट्रकनं हॉर्न दिला. ड्रायव्हर यल्ला यल्ला करून ओरडत होता. लियाकतनं हात वर करून त्याला थांबवलं.

चाचांनी काखेतली चादर काढली, घडी पुन्हा नीट केली आणि त्याच्या हातात दिली. लाँच परतीला लागेपर्यंत राखणदार मला ठेवून घेणार आहे, मग मी गावी जाईन, माझं बोचकं तेवढं ट्रकमधून खाली टाक, म्हणाले. पण चादर परत नेता येणार नाही. तूच पांघर.

"तिला वाटतं, आपल्याकडच्यासारखा तोही समुद्राकडं बघत निजलाय. मी तेच सांगेन. तुला विचारलं तर तूही तेच सांग. चादर घातली, हेही सांग."

"चाची मला म्हणाली होती..."

"ठाऊक आहे, ती काय म्हणाली असेल."

परत हॉर्न वाजला. लियाकतनं चादर छातीशी धरली. किनारीचे टाके बोटांना लागत होते, बारीक, एकाला एक लागून. चाचांनी पुन्हा समुद्राकडं तोंड केलं होतं. तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तसाच, पाण्याकडं बघत.

"समुद्र समोर आहे, चादर घातली," तो पाठ केल्यासारखं म्हणाला. "चाचा, मला निघायला हवं आता."