तलवार दरवर्षी उघडली, मला नाही

मी एक जुना हेडर आहे. गंजलेला, भोक पडलेला, म्हैसूरच्या कुवेंपुनगरात एका शेडमध्ये खिळ्याला टांगलेला. हेडर म्हणजे काय ते माहीत नसेल तर सांगतो, मित्रांनो. गाडीच्या इंजिनात पेट्रोल जळतं. त्याचा विषारी धूर बाहेर नेणाऱ्या ज्या लोखंडी नळ्या इंजिनाला चिकटलेल्या असतात, तो मी. वर चार नळ्या, खाली एकच तोंड. मला दयाबिया काही नको. मला राग आलेला आहे आणि तो तुम्ही शेवटपर्यंत ऐकायचा आहे.

मला घडवलं येसाजीरावांनी. येलवालला रस्त्याकडेला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. तुकोजीरावांच्या चाळीस वर्षांच्या निळ्या गाडीचा मूळचा बिडाचा भाग तडकला होता आणि तसला नवा कुठंच मिळेना. तेव्हा येसाजीरावांनी साध्या पोलादी नळ्या आणल्या, वाकवताना चेपू नयेत म्हणून त्यांत कोरडी वाळू ठासून भरली, आणि एकेक नळी तापवून हळूहळू वळवली. दोन दिवस लागले. शेवटचा टाका मारून झाल्यावर त्यांनी मला हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आयतु! झालं. आता हा तुकोजीरावांना पुरून उरेल." त्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. कपाळ माझं!

तुकोजीराव म्हणजे माझे मालक. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होते. ते स्वतः शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, पण घरात पूर्वजांची तलवार आहे आणि मिशीत तिचा ताठा आहे. माणूस वाईट नाही. गाडीवर तर त्यांचा फार जीव. त्यांची बायको अंबुबाई. दर मंगळवारी तिला चामुंडी बेट्टावर, म्हणजे टेकडीवर, देवीला न्यायचं, हा त्या गाडीचा मुख्य धर्म. आणि मुलगी सहाना, तिशीची, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर.

पहिल्याच मंगळवारी मी घोळ घातला. खोटं कशाला बोलू? माझ्या नळ्या पातळ, त्यांची धग कार्ब्युरेटरला लागली, आतलं पेट्रोल उकळलं आणि गाडी बेट्टाच्या अर्ध्या चढावर बंद पडली. अंबुबाई पाऊण तास कठड्यावर बसून राहिली. "अय्यो, पायाखाली चूल पेटलीय की काय!" असं म्हणत तिनं चपला काढून पाय चोळले.

मग घरात चर्चा. सहानानं कागदावर आकृती काढून समजावलं. "अप्पा, दोन वाटा आहेत. एक, ह्याच्यावर हीट रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी काचतंतूंची पट्टी गुंडाळायची. काम अर्ध्या दिवसाचं. पण ती पाणी धरून ठेवते, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. दुसरी, सिरॅमिक कोटिंग. नळ्या सोडवायच्या, घासून साफ करायच्या, बेंगळूरला पाठवायच्या. तिथं लेप चढवून भट्टीत भाजतात. लेपाला पाण्याचं भय कमी, आणि नळी उघडी राहते. बारा दिवस लागतील."

"बारा दिवस?" तुकोजीराव उडालेच. "आयुधपूजा सहा दिवसांवर आलीय! ह्या घरात आयुधपूजेला गाडी खोललेली, बंद, असं कधी झालंय? बेडवे बेड! मुळीच नको! पट्टी गुंडाळू. कोटिंग दसरा झाल्यावर करू."

बघा, मित्रांनो. माझ्या अंगाला काय मानवेल हे कुणी विचारलं नाही. माझं नशीब पंचांगानं ठरवलं.

पट्टी त्यांनी स्वतः गुंडाळली, पागोटं बांधावं तशी, एकावर एक अर्धा पदर चढवत. येसाजीराव येऊन बघून गेले. जाताना बजावून गेले, "तुकोजीराव, हिला पाणी लागू द्यायचं नाही बरं का. चुकून भिजलीच, तर गाडी चांगली वीस-पंचवीस किलोमीटर पळवा. तापून सुकली पाहिजे. आणि वर्षातनं एकदा सोडून आत बघा."

"हो हो, आयतु," तुकोजीराव म्हणाले. ह्या 'हो हो'नंच माझा जीव गेला.

पट्टीला मी नावं ठेवणार नाही. तिनं तिचं काम चोख केलं. धग आतच राहिली, पेट्रोल उकळायचं थांबलं आणि गाडी एका दमात बेट्टावर चढली. शेजारी वेंकोजीराव मुद्दाम बॉनेट उघडून बघायला आले, म्हणाले, "काय रुबाब आहे हो!" मीही फुशारलो. रोज लांब पळणाऱ्या आणि कोरड्या राहणाऱ्या गाडीला ती पट्टी उत्तमच. पण आमच्या गाडीला लाड फार आणि पळणं कमी.

दर शुक्रवारी तुकोजीराव गाडीला आंघोळ घालायचे. नुसती वरून नव्हे, बॉनेट उघडून आतसुद्धा, बादलीनं! मग इंजिनाला हळदकुंकू, फूल, उदबत्ती. आणि पूजा केलेली गाडी त्या दिवशी बाहेर काढायची नाही, हा त्यांचा नेम. म्हणजे मला भिजवायचं आणि उभं ठेवायचं. ओला टॉवेल अंगाला गुंडाळून दिवसचे दिवस उभं राहून बघा एकदा, मग मला भक्ती शिकवा. आयुधपूजेला तर नळी लावून अर्धा तास पाणी. वर्षानुवर्षं हेच. मंगळवारचा बेट्ट जवळचा, तेवढ्यात मी धड सुकतही नसे. आत कोंडलेली धग आणि बाहेरून ओल, दोन्हीकडून मी खंगत गेलो. कोटिंगचं घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. सहाना विचारायची, अप्पा म्हणायचे, "दसरा झाल्यावर."

पाच दसरे झाले.

आणि तलवार? तिचे काय लाड सांगू! दर आयुधपूजेला तिला म्यानातून बाहेर काढायचं, उन्हात धरायचं, गंजाचा ठिपका दिसतोय का ते भिंग लावून बघायचं, तेल चोळायचं. दोनशे वर्षं तिनं काकडीसुद्धा कापलेली नाही! मी मात्र त्या घराच्या गाडीचा धूर पोटातून वाहत होतो, आणि माझं म्यान एकदाही कुणी सोडलं नाही. हात मोडले होते का सगळ्यांचे?

चौथ्या वर्षी मला मागच्या बाजूनं भोक पडलं, पट्टीच्या आत. धूर पट्टीतून झिरपायला लागला आणि डॅशबोर्डखालच्या फटींतून गाडीत शिरायला लागला. त्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो जीव घेतो. माझा आवाजही बदलला. फट् फट् फट्. ती माझी ओरड होती! तुकोजीराव मिशीवर हात फिरवून म्हणाले, "आवाज कसा भारदस्त झालाय, बघ!"

अंबुबाईचा कान वाऱ्यानं दुखतो, म्हणून ती काच घट्ट लावून बसते. तुकोजीरावांची काच सदा खाली. त्यामुळे डोकं दुखायचं ते तिचंच. मळमळायचं तिलाच. बेट्टावर पोचली की खांबाला धरून उभी राहायची.

"वय झालं आता तुझं," तुकोजीराव म्हणायचे. "उपाशी निघतेस, त्यानं होतंय." मग लिंबू झालं, आलेपाक झाला, रक्तदाबाच्या गोळ्या झाल्या. शेवटी तिनं मंगळवारच सोडला. चाळीस वर्षांचा नेम. दारातूनच बेट्टाकडे बघून हात जोडायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाईत काही बिघाड नव्हता हो! बिघाड माझ्यात होता, आणि मला बोलता येत नव्हतं.

ह्या वेळच्या आयुधपूजेच्या आदल्या दिवशी सहाना आईला घेऊन देवराज मोहल्ल्यात फुलं आणायला गेली. दसऱ्याची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलांनी. आईच्या कानासाठी सहानानंही आपली काच लावून घेतली. घरी आल्या तेव्हा अंबुबाई पायरीवरच बसली, आणि सहाना कपाळ दाबत उभी राहिली.

"अप्पा, माझंही डोकं फुटतंय. माझं तर वय झालं नाही ना?" ती म्हणाली. "धूर आत येतोय. मी पट्टी सोडते."

"सुम्ने इरु! गप्प बस जरा. उद्या पूजा आहे. परवा विजयादशमीला तुझ्या मावशीला बन्नीची, शमीची पानं द्यायला येलवालला जायचंय. आल्यावर बघू." आणि त्यांनी पाण्याची नळी उचलली.

येलवाल! सणाच्या गर्दीत तासाभराची वाट, काच बंद, आणि माझ्या धुरात अंबुबाई. मित्रांनो, त्या दिवशी मी पाण्याखाली उभा राहून पहिल्यांदा घाबरलो.

दुसऱ्या दिवशी पूजा मांडली. तलवार, तिच्याशेजारी पाने, पक्कड, कात्री, सगळ्यांना कुंकू. आयुधपूजेला हत्यारानं विश्रांती घ्यायची असते, पूजा झाली की त्या दिवशी त्याला कुणी हात लावायचा नसतो. तुकोजीरावांनी आरती केली, चाकांखाली लिंबं ठेवली. सहाना बाजूला हाताची घडी घालून उभी होती.

"अप्पा, शेवटचं विचारते. सोडू का?"

"आज हत्यार उचलायचं नाही! कळत नाही तुला?"

तेव्हा अंबुबाई उठली. शांतपणे पूजेत वाकली आणि कुंकू लावलेली पक्कड उचलून तिनं मुलीच्या हातात दिली.

"अगं, काय करतेस!"

"देवी रागवायची असेल तर माझ्यावर रागवू दे," अंबुबाई म्हणाली. "पाच वर्षं त्या तलवारीला उघडून बघताय. चाळीस वर्षं संसार केलेली बायको गाडीतून उतरून ओकते, तर तिला म्हातारी म्हणून मोकळे होता. सोड गं ती पट्टी."

सहानानं पट्टी आवळणाऱ्या तारा तोडल्या. पट्टी ओलीच होती. ती सुटत गेली तसा गंजाचा लाल-काळा भुगा खालच्या रांगोळीवर पडला. मागच्या वळणाशी भोक दिसलं. तुकोजीरावांनी पुढं होऊन त्यात बोट घातलं. बोट पेरापर्यंत आत गेलं. ते तसंच ठेवून ते उभे राहिले. मिशीचा ताठा कुठल्या कुठे गेला.

"अंबू," ते एवढंच म्हणाले.

गाडी बारा दिवस दारात उभी राहिली. येसाजीरावांनी नवा हेडर केला, तो बेंगळूरला जाऊन राखाडी लेप चढवून आला. आता बादली बंद आहे. अंबुबाईचे मंगळवार पुन्हा सुरू झालेत, डोकं दुखत नाही. मात्र तिनं एक नियम केलाय. निघण्याआधी तुकोजीराव बॅटरी घेऊन बॉनेटमध्ये वाकतात, थंड नळ्यांवरून, सांध्यांवरून हात फिरवतात आणि तो हात तिच्यापुढे धरतात. हाताला काजळी नसेल, हात स्वच्छ असेल तरच ती गाडीत पाय ठेवते.

परवा ते कुंकवाची वाटी घेऊन माझ्याकडे आले. मला कुंकू लावणार होते. अंबुबाई दारातून म्हणाली, "त्याला नको. त्याला पुष्कळ लावून झालंय." त्यांनी वाटी खाली ठेवली.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. तुमच्या घरातही असं काही असेल, फुलं वाहून झाकून ठेवलेलं. पूजा करा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी उघडून बघा. आणि घरातलं कुणी सारखं म्हणत असेल की मला त्रास होतोय, तर त्याचं वय विचारत बसू नका.