तेवीस गाठी

मी एक दोरी आहे. पाणी शेंदायची नव्हे, पाणी मोजायची. शेंदायच्या दोरीला गाव रोज हात लावतं. माझी आठवण महिन्यातून दोनदाच व्हायची, अमावस्येला आणि पौर्णिमेला. तरी माझा तोरा काही कमी नव्हता. विद्यापीठातल्या एका मोठ्या बाईंचं नाव माझ्या गाठींवर उभं आहे असं लोक म्हणायचे, आणि मीही ते निमूट ऐकून घ्यायचे. त्या नावाला माझ्यामुळेच खाली बघायची वेळ कशी आली, ते मला सांगायचं आहे.

लिंबागणेशच्या धोंडीरामने मला वळलं, २००८ साली. केकताडाचा वाख, म्हणजे पानांतले चिवट धागे, त्यांचे तीन पदर, आणि त्याच्या दोन्ही तळव्यांची मेहनत. कासरे, दावी, चऱ्हाटं करण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यामुळे शिवकन्याताईंनी पंचवीस मीटर सलग दोरी मागितली तेव्हा तो चक्रावला.

"बैल न्हाई, बारदाना न्हाई. कावून पाहिजे एवढी?"

"विहिरीतलं पाणी मोजायला."

"आधी पाणी असू द्या की ताई," धोंडीराम म्हणाला आणि वळायला बसला.

शिवकन्याताई त्याच गावच्या. शिकून विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकवायला लागल्या होत्या. त्यांनी मला तीनदा भिजवलं, तीनदा वाळवलं आणि दर वेळी खाली धोंडा बांधून टांगून ठेवलं, म्हणजे मला जेवढं ताणायचं ते आधीच ताणून होईल. मग टेप लावून मीटरमीटरवर एकेक गाठ मारली आणि गाठीत लाल चिंधी अडकवली. अशा चोवीस गाठी झाल्या. शेवटाला लोखंडाचा गोळा. मला विहिरीत सोडायचं, गोळा पाण्याला टेकला की थांबायचं आणि काठापासून खाली किती गाठी गेल्या ते मोजायचं, एवढंच माझं काम. गाठी जास्त म्हणजे पाणी खोल, कमी म्हणजे पाणी वर आलं.

पाटोद्याकडच्या एका वाडीतल्या आठ विहिरी ताईंनी निवडल्या. मोजायला माणूस हवा होता. शिकलेल्या दोघांनी हौसेनं काम घेतलं आणि दोन महिन्यांत सोडलं. तेव्हा भामाबाई पुढे आल्या. त्यांचा नवरा धुळाजी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचा. दुखणाईत मेंढरं आणि कोकरं भामाबाई घरी सांभाळायच्या, आणि त्यांना पाणी पाजायला या विहिरींवरून त्या हिंडायच्याच.

"मला लिवता येत न्हाई," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"मोजता येतं ना?"

"कळप घरी असला की पावणेदोनशे मेंढरं मोजते रोज सांच्याला."

झालं. भामाबाई अमावस्येला आणि पौर्णिमेला आठही विहिरी मोजायच्या आणि घराच्या भिंतीवर कोळशानं तेवढ्या रेघा ओढायच्या. महिनाअखेर शिवकन्याताई यायच्या, भिंतीसमोर बसून सगळ्या रेघा वहीत उतरवायच्या. मग भामाबाई ती भिंत शेणामातीनं सारवून नव्या महिन्याला कोरी करायच्या. ताईंची एक सवय मला फार आवडायची. भिंतीवर जे असेल ते सगळं त्या उतरवून घ्यायच्या, समजो न समजो. एकदा कोकराचा चिखलाचा पाय उमटला होता, तोही वहीत गेला.

पहिली चार वर्षं दर पाडव्याला त्या मला अंगणात ताणून टेपनं तपासायच्या. मला ते अपमानाचं वाटायचं. रोजच्या माणसावर असा काय संशय? पण पाचव्या पाडव्याला त्या आल्या नाहीत. त्यांना परिसंवाद होते, हाताखाली विद्यार्थी होते, दिल्लीची समिती होती. त्या फक्त भिंत उतरवायला यायच्या आणि अंधाराच्या आत परतायच्या. मी म्हटलं, चला, विश्वास बसला एकदाचा.

त्याच वर्षी, २०१३ साली, दुष्काळानं जिल्ह्याचा घसा कोरडा केला. जनावरं चारा छावणीला गेली. चैत्राच्या अमावस्येला चौथ्या विहिरीत माझा गोळा तळच्या कपारीत अडकला. भामाबाईंनी हिसका दिला आणि मी तुटले, खालून पहिल्या गाठीच्या जरा वर. गोळा गेला, ती गाठही गेली. भामाबाईंनी मला वर घेतलं, तुटला तेवढ्याच मापाचा बिनगाठीचा कासऱ्याचा तुकडा माझ्या उरलेल्या टोकाला जोडून त्याला मोडक्या खुरप्याचं पातं बांधलं आणि पुन्हा मोजायला लागल्या. दोरी पुरतेय, गाठी दिसतायत, मग बिघडलं काय? त्यांना सांगितलं होतं गाठी मोजायला, त्या गाठीच मोजत होत्या. मला कळत होतं की आता गाठ एक कमी भरणार आणि प्रत्येक विहीर एक मीटर उथळ दिसणार. पण दोरीला कोण विचारतं?

पुढच्या वर्षी ताईंनी ओढ्यावर सात बंधाऱ्यांच्या जागा दाखवल्या. वाडीच्या सहकारी पाणी सोसायटीनं माणसं जमवली, श्रमदान झालं, बंधारे उभे राहिले. पाऊस बरा झाला. आधीच्या वर्षांत मे महिन्यात सरासरी पंधरा गाठी लागायच्या, आता साडेतेरा लागू लागल्या. पाणी दीड मीटर वर आलं! ताईंचा निबंध मोठ्या ठिकाणी छापून आला, पुरस्कार मिळाले, त्यांचे दोन विद्यार्थी त्यावर डॉक्टर झाले. बाहेरदेशीचे लोक येऊन माझे फोटो काढून गेले. खोटं बोलणाऱ्यापेक्षा खोट्यावर मिरवणाऱ्याची लाज जास्त असते, ती मी तेव्हा भोगली.

२०१७ च्या हिवाळ्यात ताई निवृत्त झाल्या. सोसायटीनं त्यांचा सत्कार ठेवला. आवारात मांडव, टेबलावर मी, आणि माझ्या गळ्यात झेंडूचा हार. दोरीला गळा नसतो, पण हौसेला मोल नसतं. चेअरमन सुंदरराव खुशीत होते. दीड मीटर पाणी वाढलंय म्हटल्यावर ओढ्याकाठच्या चाळीस एकरात ऊस लावायचा, असा ठराव त्यांनी तयार ठेवला होता. सत्कार झाला की लगेच हात वर करून मंजुरी घ्यायची होती.

"आधी भामामावशींचा सत्कार, मग माझा," ताईंनी हट्ट धरला. भामाबाईंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला आणि पुढ्यात माईक. त्या घाबरल्या, पण बोलल्या.

"मी काय केलं? दोरी सोडली आन् गाठी मोजल्या. दुष्काळात तिचं टोक तुटलं, गोळा हिरीतच ऱ्हायला. मी तेवढाच कासऱ्याचा तुकडा जोडून खुरप्याचं पातं बांधलं, पर एक अवस-पुनव चुकू दिली न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी वाजवल्या नाहीत.

"मावशी, कुठून तुटली?"

"खालनं. एक गाठ गेली तिच्यासंगं. तुमाला कळावं म्हणून भित्तीवर आडवी रेघ मारली व्हती की. तुमी वहीत उतरून घेतलीत."

ताई उठून टेबलाजवळ आल्या. हार बाजूला ठेवला आणि मला एका टोकापासून बोटांतून सोडू लागल्या. प्रत्येक गाठीला त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी चुकून एक गाठ दोनदा मोजावी, असं मला मनापासून वाटत होतं. पण ती बाई मोजण्यात चुकणारी नव्हती. तेविसाव्या गाठीपुढे लाल चिंधी संपली.

पर्समधून त्यांनी त्या वर्षाची जुनी वही काढली. लोकांना दाखवायला आणली होती. चैत्र अमावस्या, चौथी विहीर, आडवी रेघ. शेजारी त्यांच्याच अक्षरात प्रश्नचिन्ह. विचारायचं म्हणून काढलेलं आणि विचारायचं राहून गेलेलं.

सुंदररावांच्या ध्यानात काय ते आलं. ते खुर्चीतून वाकून हळूच म्हणाले, "मॅडम, ते मागून बघता येईल. आज सत्कार हाय तुमचा."

"आज ठराव पण हाय ना," ताई म्हणाल्या. विद्यापीठात तीस वर्षं जपलेली त्यांची भाषा क्षणात लिंबागणेशची झाली. त्या माईकपुढे गेल्या.

"पाणी दीड मीटर वाढलं न्हाई. अर्धा मीटर वाढलं. एक मीटर या दोरीतनं गेलेल्या गाठीचा हाय, आन् तो मी माझ्या नावावर मिरवला. अर्ध्या मीटरवर माणसं आन् जनावरं जगतील. ऊस न्हाई जगायचा. ऊस लावला तर तुमचीच हिर आटंल."

भामाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "माझ्यामुळं झालं बाई."

"न्हाई मावशी. तुमी रेघ मारली. मी विचारलं न्हाई. आन् ती रेघ हाय म्हणून कुठपासून चुकलं ते तरी कळतंय. त्या अवसंपास्नं पुढचे सगळे आकडे एक गाठ वाढवायचे. दहा वर्षांचं काम तुमी वाचवलं."

मागे कुरकुर सुरू झाली. सुंदररावांनी हातातल्या ठरावाच्या कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि टेबलावरची दुसरी शाल उचलली. ताईंनी हातानं नको म्हटलं.

"घ्या मॅडम," सुंदरराव म्हणाले. "दीडाची नका घेऊ. अर्ध्या मीटरची तरी घ्या."

ताईंनी मान खाली केली. इतके सत्कार झाले होते त्यांचे, पण शाल खांद्यावर घट्ट ओढून घेतलेली मी तेव्हाच पाहिली.

निबंध छापणाऱ्यांना त्यांनी स्वतः पत्र लिहून चूक कळवली. काही जणांनी नाकं मुरडली, काहींनी आपल्या पुस्तकांतून त्यांचं नाव गाळलं. पुढच्याच वर्षी पाऊस पुन्हा रुसला. त्यानंतरच्या मे महिन्यात आठांपैकी पाच विहिरी कोरड्या पडल्या, तिघींत पाणी राहिलं. धुळाजीची मेंढरं त्या उन्हाळ्यात वाडीतच पाण्याला लागली. तेव्हा ऊस उभा असता तर काय झालं असतं, ते सुंदररावच आता लोकांना सांगत फिरतात, जणू काही त्यांनाच आधी सुचलं होतं.

भामाबाईंकडे आता नायलॉनची नवी दोरी आहे. दर पाडव्याला शिवकन्याताई टेप घेऊन येतात, अंगणात दोघी दोन टोकं धरतात. तुटलं-फुटलं तर भिंतीवर आडवी रेघ, आणि रेघ दिसली की त्याच दिवशी विचारायचं, असा दोघींचा करार आहे. माझा वाख कुजत चालला होता, म्हणून मला विद्यापीठाच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवलं. ऊन नाही, पाणी नाही, कामही नाही. मुलं येतात, संशोधक येतात, बघून जातात. शेजारी कुणा कारकुनानं जुन्या फायलीवरून लिहिलेली पाटी आहे: 'जलमापन दोरी, चोवीस गाठी.'

चार वर्षं झाली. एवढी शिकलेली माणसं माझ्यासमोरून गेली, सगळ्यांनी पाटी वाचली. बाबांनो, तुम्ही आलात तर एवढं करा. पाटी राहू द्या, गाठी मोजा.