झेनोनच्या पोटातली गाठ

“निघाली! निघाली बघा!” अंगणात एकच ओरडा झाला. मागच्या बायका पुढच्यांच्या खांद्यांवरून माना उंचावून बघू लागल्या. ताइता एल्यूतेरियोने कुईचं पोट चिरलं होतं आणि आत पाण्याने तट्ट फुगलेले दोन फोड चमकत होते.

कुई म्हणजे गिनिपिग. पेरू देशातल्या आमच्या हुआनकायोत ती स्वयंपाकघरात पाळतात, सणाला भाजून खातात आणि आजाऱ्याच्या अंगावरून फिरवून, तिचं पोट चिरून त्याचं दुखणं ओळखतात. हे माझ्या आजीच्याही आधीपासून चालत आलंय. पण ताइता, म्हणजे आमचा हा वैदूबाबा, नुसतं दुखणं ओळखून थांबत नसे, तो ते काढून दाखवत असे.

“निघ पाण्या, निघ! ह्या आईतून त्या आईत जा! सुरी नको, टाका नको, भूल नको! डॉक्टर कापतात, मी काढतो! लेकी, तुझ्या हार्मोनला गारठा लागला होता बघ.”

हार्मोनला गारठा! मी कपाळावर हात मारला. मी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग शिकवते, आणि तरुण डॉक्टरांना संशोधनाचे धडे देणं हेही माझंच काम. त्या बायकांचा मला राग आला नाही. राग आला तो डॉक्टर योवाना पारियोनाचा. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि बाईसाहेब पहिल्या रांगेत उभ्या राहून मोबाइलवर चित्रण करत होत्या.

“मॅडम, माझ्याकडे पुरावा आहे,” परतताना ती म्हणाली. “सोनोग्राफीत आधी अंडाशयात गाठ. ताइताकडे जाऊन आल्यावर दोन-तीन महिन्यांनी गाठ गायब! जवळजवळ सगळ्यांची. माझा प्रबंध यावरच करते.”

“आणि ज्या त्याच्याकडे गेल्याच नाहीत, त्यांच्या गाठींचं काय झालं?”

“ते... पाहिलं नाही.”

“मग इतकी वर्षं मी काय भिंतीला शिकवलं?”

तिने मोबाइल पिशवीत टाकला. मला मात्र ते तिथंच सोडवेना, कारण त्या दिवशी जिच्या अंगावरून कुई फिरली ती हर्मेलिंडा योवानाचीच रुग्ण होती. तिची गाठ पाण्याची नव्हती. घट्ट होती, वाढत होती, आणि ऑपरेशनची तारीख ठरली होती. त्या तारखेला ती आलीच नाही. योवाना तिच्या घरी गेली तर ती हसून म्हणाली, “कशाला कापून घेऊ, डॉक्टरीणबाई? माझी गाठ मी डोळ्यांनी पाहिली. कुईच्या पोटात. तुम्हीही पाहिलीत की!”

योवानाने ते जसंच्या तसं मला येऊन सांगितलं.

मग ती कामाला लागली. ताइताकडे न गेलेल्या बायका शोधून काढल्या. त्यांच्याही पाण्याच्या गाठी विरल्या होत्या. तरुण वयात अशा साध्या गाठी बहुधा आपोआपच विरतात, हे तिला पाठ होतं. फक्त वेळेवर आठवलं नव्हतं.

“पण मॅडम, कुईतले फोड? लहानपणापासून कुई साफ करत आले. असले फोड कधीच दिसले नाहीत.”

“तोच प्रश्न कुईला लाव,” मी वैतागून म्हटलं. “जी कुणाच्याच अंगावरून फिरली नाही, तिच्या पोटात काय असतं?”

ती तशीच उठून निघून गेली. काही दिवसांनी फोन आला. “रविवारी चला. हर्मेलिंडाला आणि तिच्या नवऱ्यालाही आणतेय.”

रविवारी अंगण पुन्हा भरलं होतं. योवानाने हर्मेलिंडाच्या नवऱ्याला पुढे ढकललं. झेनोन बस चालवतो; दाराएवढा माणूस.

“ताइता, ह्यांच्या पोटात दुखतंय. कुई फिरवा. तुमच्याच पोत्यातली, तुमच्याच हाताने.”

“पुरुषाचं वेगळं असतं, लेकी...”

“फिरवा की, ताइता!” गर्दीच ओरडली. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्याने झेनोनच्या ढेरीवरून कुई फिरवली, मंत्र पुटपुटला आणि पोट चिरलं.

आत तेच दोन फुगलेले फोड.

“बायांनो, बघून घ्या!” योवाना ओरडली. “झेनोनला अंडाशय आहे, आणि त्यात गाठही आहे!”

“झेनोन, बाळंत कधी होतोस रे?” मागून कुणीतरी विचारलं आणि अंगण हसून लोळलं. झेनोन कानापर्यंत लाल झाला.

हसणं ओसरल्यावर योवानाने उलगडून सांगितलं. आपण खातो त्या कुई कोवळ्या. पिल्लं देऊन म्हातारी झालेली मादी चिवट, ती कोण खाणार? म्हणून तिचं पोट आपण कधी बघतच नाही. आणि नेमक्या म्हाताऱ्या मादीच्या अंडाशयात असे फोड बहुतेक वेळा आपसूक धरतात. तिने पैदास करणाऱ्याकडून तशा माद्या आणून कुणाच्याही अंगाला न लावता चिरून पाहिल्या होत्या, तरी आत तेच फोड. ताइताच्या पोत्यात दुसरं काही नसतंच.

“अविश्वासाने शक्ती जाते,” ताइता पोतं आवळत म्हणाला आणि सटकला.

सगळे हसत होते. हर्मेलिंडा हसत नव्हती. तिने पोटावर हात ठेवला.

“मग माझी कुठंय?”

“तिथंच आहे, बाई,” योवाना म्हणाली. “उद्या सकाळी या. मी दारातच उभी राहते.”

ती आली. मधल्या काळात गाठ वाढली होती. आधी सोपं ठरलं असतं ते ऑपरेशन अवघड झालं, पण हर्मेलिंडा वाचली. वाया गेलेल्या त्या दिवसांचा माझा संताप अजून जात नाही. ताइता आता दुसऱ्या गावात अंगण भरवतो म्हणे. म्हणून सांगते, चमत्कार बघायला खुशाल जा, पण टाळी वाजवण्याआधी विचारा की ज्याच्यावर हे केलंच नाही, त्याचं काय झालं? असं विचारायला पदवी लागत नाही. पदवी असून विचारायचं राहतं, हे मी माझ्याच वर्गात पाहिलंय.

शुद्धीवर आल्यावर हर्मेलिंडाने काढलेली गाठ बघायला मागितली. योवाना बरणी घेऊन आली. हर्मेलिंडाने ती उजेडात धरून बराच वेळ निरखली, मग आमच्या दोघींकडे संशयाने पाहिलं.

“ही माझीच कशावरून?”

योवाना हसत सोनोग्राफीचे फोटो आणायला धावली.