सातवी पायरी

"आणि मग?"

"मग काय, रिंग बसवायची," मावशी म्हणाल्या.

मालकांच्या सूनबाईंनी वहीत लिहिलं. पंपांच्या त्या छोट्या कारखान्यात महिनाभर त्या प्रत्येकाशेजारी स्टूल टाकून बसत होत्या. कोण काय करतं, कशानंतर काय, सगळं कागदावर आणायचं होतं. आज चहाही स्वतः आणून दिला. मावशींनी आधी चहाकडे पाहिलं, मग वहीकडे.

"गोड बोलून काढून घेतायत," पॅकिंगवाली कुजबुजली. "एकदा लिहून झालं की तुमच्या जागी कुणीही बसेल."

मावशींनी ते आधीच ओळखलं होतं. म्हणून तर एक गोष्ट गिळली होती. रबराची रिंग बसवण्याआधी त्या ती एप्रनच्या खिशात मुठीत धरत, शंभर मोजेपर्यंत. गार रबर अडून बसतं, ऊब लागली की ऐकतं. बावीस वर्षं सगळ्यांना वाटे, मावशींना खिशात हात घालून उभं राहायची खोड आहे.

सोमवारी सूनबाई स्वतः टेबलाशी बसल्या. समोर कागद, सहा पायऱ्या. सकाळ गारठलेली. ओळीवर बोट ठेवून त्यांनी पंप जोडला. हवा भरून टाकीतल्या पाण्यात सोडताच बुडबुडे आले, म्हणजे पंप गळत होता. दुसऱ्यालाही. तिसऱ्यालाही.

"कागदावर पंप चालत असते, तर एवढी वर्षं आम्ही काय माशा मारल्या?" मालक सगळ्यांदेखत म्हणाले. "पुरे झाला खेळ, सूनबाई. उद्यापासून घरी."

पॅकिंगवालीनं डोळा मारला. मावशींना हसू आलं नाही. सूनबाईंचे कान लाल झाले होते, तरी ओल्या हातांनी त्या पंप परत खोलत होत्या.

"मावशी, माझं कुठं चुकतंय?"

"सांगितलं तर मी कशाला लागेन तुम्हाला?"

सूनबाईंनी फक्त हातातला पंप खाली ठेवला. निदान खोटं तरी बोलली नाही, मावशींच्या मनात आलं.

"हात पुढं करा." त्यांनी रिंग सूनबाईंच्या तळव्यावर ठेवून बोटं मिटवली. "आता मोजा शंभर."

चौथा पंप पाण्यात निमूट राहिला. एकही बुडबुडा नाही. मालकांनी वाकून पाहिलं, घरी बसायचं पुन्हा काढलं नाही.

"तुमचं पूर्ण नाव काय, मावशी?"

"ते कशाला हवंय?"

पंधरा दिवसांनी सूनबाईंनी टेबलावर पत्र्याची पेटी आणून ठेवली, आत बल्ब. रिंगा त्यातच गरम होऊ लागल्या. भिंतीवरच्या कागदावर सातवी पायरी होती, पुढे मावशींचं पूर्ण नाव. त्यांनी ते दोनदा वाचलं.

मग पेटीतली रिंग उचलली. आयती उबदार होती. तरी त्यांनी ती मुठीत घेऊन हात खिशात घातला आणि मोजायला सुरुवात केली.