मला चुकवून जा

मी घाटनांदूरच्या एका शाळेतली प्लास्टिकची खुर्ची बोलतेय. निळी, पाठीला चीर गेलेली. माझ्यावर बसलेल्यांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. जी कधीच बसली नाही, तिच्याबद्दल सांगायचंय.

मला स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांसाठी आणलं होतं. पहिल्याच वर्षी एका पुढाऱ्याच्या वजनानं माझी पाठ तडकली आणि मी अडगळीत गेले. तिथून मला खेळाच्या अंजलीमॅडमनी बाहेर काढलं. मुरमाच्या मैदानावर, बास्केटबॉलच्या रिंगसमोर उभं केलं, पाठीला एक खराटा उभा बांधला आणि मुलींना म्हणाल्या, "ही समोरच्या टीमची पोरगी. खराटा म्हणजे तिचा वर केलेला हात. हिला चुकवून रिंगपर्यंत जायचं."

खुर्चीकडे माणसं दमून येतात. या पोरी मात्र धावत यायच्या! बॉल आपटत थेट माझ्या अंगावर, आणि अगदी जवळ आल्यावर हात बदलून बाजूनं निसटायच्या. मॅडम ओरडायच्या, "खाली नको बघू गं! बॉल काय पळून चाललाय? समोर बघ!"

दहावीतली आरोही उजवीकडून मला कधीच सापडली नाही. डावीकडून आली की मात्र बॉल खराट्याला लागायचा. "ए लंबू, सरक की!" ती माझ्यावरच डाफरायची. गेल्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात अंबाजोगाईच्या एका उंच पोरीनं तिला डावीकडे रेटून बॉल काढून घेतला, आणि टीम हरून घरी आली. यंदा पुन्हा तीच टीम समोर आणि आरोहीचं शाळेतलं शेवटचं वर्ष. म्हणून बाकीच्या घरी गेल्या तरी ती माझ्याभोवती फिरत राहायची. तिचा डावा हात हळूहळू वळायला लागला होता.

अशात एका संध्याकाळी संस्थेचे अध्यक्ष मोहनराव आले. खुर्ची दिसली की ती आपल्यासाठीच मांडलीय, असं आमच्याकडच्या मोठ्या माणसांना वाटतं. ती मैदानाच्या मधोमध का, तिला खराटा का, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. त्यांनी खराटा सोडून फेकला, माझ्यावर बसले आणि म्हणाले, "हं, चालू द्या."

मॅडम घुटमळल्या. आरोही थांबली नाही. ती आली, समोर बघत, डावीकडून. मोहनरावांच्या गुडघ्याजवळून बॉल काढला आणि रिंगमध्ये टाकला. पहिल्यांदाच!

"आण्णा, चुकवलं की तुमाला!" कुणीतरी ओरडलं आणि पोरी खो-खो हसल्या.

ते हसणं त्यांना झोंबलं. "दहावीचं साल हाय, पुस्तकं धरा. बंद करा ह्यो उद्योग. आन खुर्ची आत घ्या." मॅडम कंत्राटी. त्यांनी मला उचलून आत नेलं.

तेव्हापासून मी ऑफिसात आहे. गादीची खुर्ची कमरेला सोसत नाही म्हणून मोहनराव माझ्यावरच बसतात. चहा पितात, मुलींच्या प्रगतीवर बोलतात. खिडकीतून रिंग दिसते. धावत येणारी पावलं माझ्या अंगावर यावीत म्हणून माझा जीव तुटतो.

आज आरोही दारात आली.

"आण्णा, खुर्ची पायजे होती."

"कुणाला बसायचंय?"

"बसायला न्हाई. चुकवायला."

"दगड ठेव एखादा."

"दगड लई बुटका, आण्णा. त्याच्याकडं बघायला मान खाली जाती. समोरची पोरगी काय दगडाएवढी असती का?"

"तोंड लई चालायलंय तुझं. जा घरी."

ती गेली नाही. मोहनरावांकडे तिचं लक्षही नाही, ती माझ्याकडे बघतेय. सोमवारी सामना आहे. बाहेर अजून उजेड आहे आणि मैदान रिकामं पडलंय.

मोहनराव, तुम्हाला टेकायला या खोलीत बाक आहे, स्टूल आहे, गादीची खुर्ची आहे. तिला अडवायला मी एकटीच आहे. मला पाय आहेत, पण तुम्ही बसलात की ते नुसते खांब होतात.

उठा ना. पोरगी खोळंबलीय.