घाटाखालचा शेर

मी एक जुना शेर आहे. दचकू नका मित्रांनो, जंगलातला नव्हे, मापाचा. किलो येण्याआधी धान्य, फुटाणे, मुरमुरे माझ्यासारख्या पत्र्याच्या मापानं मोजून देत. आता मी सरूबाईंच्या स्वयंपाकघरात फळीवर असतो आणि माझ्या तळाला भोकं आहेत. ती कशी पडली हे सांगायचं, तर सरूबाईंच्या वडिलांची, कडूबाची गोष्ट सांगावी लागेल.

अजिंठ्याच्या घाटाखाली, खानदेशातल्या एका लोहारानं मला घडवलं. कडूबा तिथं फुटाणे भाजायचा. एका पुरात नदीनं त्याची भट्टी नेली आणि घरही नेलं. पोलीस ॲक्शन नुकतीच झाली होती. निजामाच्या हद्दीवरचा नाका उठला, वाट मोकळी झाली. तेव्हा बायको द्वारकाबाई, सहा वर्षांची सरू, एक कढई आणि मी, एवढं बिऱ्हाड घेऊन तो घाट चढला. फर्दापूरच्या पुढं एका वळणावर बैलगाडी कलली, मी दगडावर आपटलो आणि माझ्या कुशीला हा एवढा पोचा आला. कडूबानं मला उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

"वा रे पठ्ठ्या," तो म्हणाला, "उपाशी आम्ही, अन् पोट तुझं खपाटीला गेलं."

दोन दिवस पोटात अन्न नसलेली द्वारकाबाईसुद्धा हसली. तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस कुठंही तग धरेल.

औरंगाबादेत, औरंगपुऱ्याच्या एका गल्लीच्या तोंडाशी त्याला भट्टीपुरती जागा मिळाली. पहाटे उठून तो कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवी आणि दिवसभर तापल्या वाळूत हरभरे हलवी. त्याच्या हातांवरच्या भाजल्याच्या जखमा कधी सुकल्याच नाहीत. लोक त्याला नावानं ओळखत नसत, 'घाटाखालचा' म्हणत. त्याचं 'मले, तुले' ऐकून पोरं वेडावून दाखवत. ते दिवसच असे होते की नवख्या माणसाकडं जो तो संशयानं पाही. कडूबा मात्र खुशाल ओरडे, "नाव कडू, माल खारा, माणूस गोड. या, घ्या."

माझ्या पोच्यामुळं गिऱ्हाइकाला कमी जात असेल, ही रुखरुख त्याला होती. म्हणून मला काठोकाठ भरून ओतल्यावर तो वर एक मूठ टाकी. "हा पोच्याचा वाटा," म्हणे. गिऱ्हाईक वाढलं, पण घरात काही उरेना. नवराबायको मरमर राबत आणि सरूच्या अंगावर तेच ठिगळाचं परकर-पोलकं.

"अहो, पोतं एवढ्या लवकर सरतं तरी कसं?" द्वारकाबाई विचारी.

"इथले उंदीर निजामाच्या राज्यातले. त्यांचा खाना शाहीच असणार," कडूबा म्हणे.

समोर रामकिसनशेठचं दुकान होतं. फुटाणे तेही विकत. दर तोच, तरी बाया कडूबाकडंच. शेठच्या मनात पाल चुकचुकली. "मापात मारतो, अन् वरून मूठ टाकून भुलवतो," ते चारचौघांत बोलू लागले आणि शेवटी तक्रार करून मोकळे झाले.

एका दुपारी माप तपासणारे मधुसूदनराव सरकारी शिक्क्याचं माप घेऊन भट्टीपाशी उभे राहिले. गल्ली भरून माणसं जमली. "खोट निघाली तर जागा सोडावी लागेल," ते शांतपणे म्हणाले. घाटाखाली घर उरलं नव्हतं आणि इथलीही जागा गेली तर जायचं कुठं? सरूनं वडिलांचं धोतर घट्ट धरलं. मित्रांनो, माझी तर पाचावर धारण बसली. पोचा माझ्याच अंगावर होता. या माणसाचं वाटोळं आपल्यामुळं होणार, असं मला खात्रीनं वाटलं.

"साहेब, ह्या गावात मुशायऱ्यात शेर ऐकतात, आमच्याकडं शेर मोजतात," कडूबा म्हणाला. कुणी हसलं नाही.

मधुसूदनरावांनी माझ्यात ज्वारी भरली, वरून हात फिरवला आणि ती शिक्क्याच्या शेरात ओतू लागले. शेर निम्मा झाला, मग पाऊण. पुढं काठाला आला, भरला. आणि माझ्यात अजून ज्वारी होतीच. त्यांनी ती पावशेराच्या मापात ओतली. तीही काठोकाठ बसली.

घाटाखालच्या त्या गावचा शेरच मोठा होता. माप गावोगावी निराळं असतं, हे कडूबाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. एवढे दिवस तो शेर म्हणून सव्वाशेर देत होता, आणि वर मूठ.

"तुम्हाला कुणालाच कळलं नाही?" साहेबांनी विचारलं.

रोजचं गिऱ्हाईक असलेली साळूबाई खाली मान घालून म्हणाली, "कळलं व्हतं साहेब. म्हणून तर येत व्हतो. पण सांगितलं नाय, चुकलं आमचं."

द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला. कडूबा मला उचलून न्याहाळू लागला. मग म्हणाला, "शेरास सव्वाशेर भेटतो म्हणतात. मले तर घरातच भेटला." आता मात्र सारी गल्ली हसली.

पण नियम तो नियम. बिनशिक्क्याचं माप निकामी करणं भाग होतं. मधुसूदनरावांनी खिळा आणि हातोडी काढली.

"माझ्या हातानं करू द्या," कडूबा म्हणाला. त्यानं मला मांडीत धरलं आणि तळाला भोक पाडलं. त्या वेळी त्याला एकही विनोद सुचला नाही, हे मला अजून सलतं.

रामकिसनशेठ दुकानात गेले आणि स्वतःचा शिक्क्याचा शेर आणून कडूबापुढं ठेवला. "नवा मिळंस्तोवर हा वापर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कडूबानं तोच खिळा घेऊन माझ्या तळाला आणखी चाळीसेक भोकं पाडली. "मोजायचं सुटलं, आता चाळायला लाग," तो म्हणाला. तेव्हापासून भट्टीतले फुटाणे माझ्यात पडत, वाळू खाली जाई आणि दाणे राहत. पुढं वीस वर्षं मी तेच केलं. लोकही त्याला 'घाटाखालचा' म्हणायचं विसरले. 'सव्वाशेर' म्हणू लागले.

धुरानं शेवटी त्याची छाती धरली. दवाखान्यात काट्यावर उभा केला तेव्हा तो निम्मा उरला होता. "डॉक्टरसाहेब, काटा तपासून घ्या," तो धापा टाकत म्हणाला, "औरंगपुऱ्यात मले सव्वाशेर म्हणतात." डॉक्टर हसले. सरूनं तोंड फिरवलं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू मोडीत टाकण्याआधी तिला एकदा हातात घ्या. आणि परका माणूस दारी आला, तर त्याला खोटा ठरवण्याआधी त्याचं माप नीट भरून बघा.

सरूबाई आता आजी झाल्या आहेत. नातवंडांना फुटाणे देताना त्या साध्या वाटीनं देतात. वाटीला कुठंही पोचा नाही. तरी वर एक मूठ टाकतात आणि म्हणतात, "हा पोच्याचा वाटा."